सिल्व्हरस्टोनची शर्यत आणि आपल्या गेटचा खांब

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या मासिक सभेत केलेले भाषण. संपादक मंडळाच्या आग्रहावरून, बोलण्यातले पाल्हाळ थोडे कमी करून, येथे देत आहे.)



सेक्रेटरींनी मला विषय दिला होता ‘निवृत्तीनंतरची आर्थिक शिस्त’. बत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा तरी काय करणार? पण मुदत ठेवीचे व्याजदर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. म्हणून मी विषय बदलून मागितला. आज मी मोटारींच्या शर्यतीबद्दल बोलणार आहे. हसू नका. शेवटी आपल्या सोसायटीशी संबंधित एक हिशेबही चुकता करायचा आहे, तेव्हा शेवटपर्यंत थांबा. चहा नंतरच आहे.

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं लेकीकडे इंग्लंडला चार महिने होतो. ती मिल्टन कीन्सला राहते. पहिला आठवडा कौतुकात गेला. दुसऱ्या आठवड्यात लेक-जावई कामावर, नातू शाळेत, सौ. टीव्हीसमोर आणि मी खिडकीत. तिकडे आपल्यासारखं गॅलरीतून हाक मारायची सोय नाही. रस्त्यावर चिटपाखरू नसतं.

एका सकाळी शेजारच्या गॅरेजातून आवाज आला आणि मी हातातला चहा तसाच ठेवून बाहेर गेलो. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. मोठा होता, चढा होता, पण ओळखीचा. आपल्या शाळेतला किरकोळ मुलगा पन्नास वर्षांनी पहिलवान होऊन भेटावा आणि तरी आवाजावरून ओळखू यावा, तसं झालं.

गॅरेजात एक लाल रंगाची, लांबट, सिगारच्या आकाराची गाडी होती. एकच माणूस बसेल एवढी जागा. छप्पर नाही, दारं नाहीत, चारही चाकं अंगाबाहेर उघडी. शेजारी कमरेत वाकून काहीतरी पिळत होते. वय सत्त्याहत्तर. छापखान्यातल्या यंत्रांचे इंजिनिअर म्हणून निवृत्त. त्यांचं नाव मी घेत नाही, त्यांना ते आवडणार नाही. मी आपला ‘शेजारी’ एवढंच म्हणतो.

मी विचारलं, “हे इंजिन फियाट ११०० चं आहे का?”

ते सरळ उभे राहिले. म्हणाले, “तुम्हाला कसं कळलं?”

मी म्हणालो, “अहो, हिच्या बहिणीबरोबर मी पंचवीस वर्षं संसार केलाय.”

इथल्या जुन्या सभासदांना आठवत असेल, आपल्या सोसायटीत राहायला आलो तेव्हा माझ्याकडे पांढरी पद्मिनी होती. १९८६ साली बँकेच्या स्टाफ लोनवर सेकंडहँड घेतलेली. नव्या गाडीसाठी तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. पद्मिनी म्हणजे मुळात इटलीची फियाट ११००, जी प्रीमियर कंपनी आपल्या कुर्ल्याला बनवायची. इंजिन १०८९ सीसीचं. गिअर स्टेअरिंगला. सकाळी चोक ओढायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. कशेडी घाटात तापून बंद पडली की बॉनेट उघडून पेट्रोलपंपावर ओला फडका ठेवायचा, दहा मिनिटं थांबायचं, तेवढ्यात मुलांनी लाडू खायचे. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून तुम्ही सगळे त्याच इंजिनावर फिरलेले आहात. मी परतलो त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली, हे पेपरात वाचलं असेल.

आता हे घरगुती इंजिन शर्यतीच्या गाडीत कसं गेलं? ही गोष्ट शेजाऱ्यांनी मला सांगितली आणि ती मला फार आवडली. १९५० च्या दशकात शर्यतीच्या गाड्या इतक्या महाग झाल्या की सामान्य घरच्या तरुणाला आत शिरायला वाव उरला नाही. तेव्हा इटलीच्या काउंट जिओव्हान्नी लुरानी यांनी एक नवा वर्ग काढला, फॉर्म्युला ज्युनियर. साल १९५८. नियम असा, की इंजिन बाजारात विकल्या जाणाऱ्या साध्या गाडीचंच पाहिजे. अकराशे सीसीपर्यंतचं इंजिन असेल तर गाडीचं वजन कमीत कमी ४०० किलो. म्हणजे पैसेवाल्याने खास इंजिन बनवून आणायचं नाही. घरातल्याच वस्तू घेऊन कोण चांगला स्वयंपाक करतो ते बघायचं. इटलीत घरातली वस्तू म्हणजे फियाट ११००. मोदेना गावच्या स्टँग्वेलिनी यांनी तेच इंजिन घेतलं, त्याला दोन वेबर कार्ब्युरेटर बसवले, आणि पद्मिनीच्या जवळपास दुप्पट ताकद काढली. गाडीचं वजन मात्र पद्मिनीच्या निम्म्याहून कमी. १९५९ साली मोनॅकोच्या ज्युनियर शर्यतीत याच बनावटीची गाडी पहिली आली होती.

पण सुख फार दिवस टिकलं नाही. १९६० पासून इंग्रजांनी इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे ठेवलेल्या लोटस आणि कूपर आणल्या आणि पुढे इंजिन असलेल्या इटालियन गाड्या मागे पडल्या. त्याच वर्षी गुडवुडला जिम क्लार्कने लोटसमधून ज्युनियरची शर्यत जिंकली, दुसरा आला जॉन सर्टीस. दोघेही पुढे जगज्जेते झाले. १९६३ च्या अखेरीस हा वर्गच संपला. गाड्या शेडमध्ये गेल्या, काही भंगारात गेल्या. आमच्या शेजाऱ्यांनी ही गाडी १९७४ साली एका शेतावरच्या शेडमधून इंजिनाशिवाय उचलली होती. वर कोंबड्या बसायच्या म्हणे.

मग अशा गाड्या जतन करणाऱ्या लोकांनी त्यांच्याच शर्यती सुरू केल्या. याला तिकडे ‘हिस्टॉरिक रेसिंग’ म्हणतात. ही मिरवणूक नसते हं. आपल्याकडे जुन्या गाड्यांची रॅली निघते, फेटे बांधून लोक हात हलवतात, तसं नाही. खरी शर्यत. घड्याळ लावून, झेंडे दाखवून, एकमेकांच्या पुढे घुसून. फक्त गाडी जशी त्या काळी होती तशीच असली पाहिजे. जुन्या नक्षीचे टायर आजही मुद्दाम त्यासाठी बनवले जातात. गाडीलाही पासपोर्ट असतो! आंतरराष्ट्रीय मोटार संघटना तो देते. त्यात गाडीचे फोटो, मापं, कोणता भाग कुठल्या बनावटीचा, सगळं. माझ्या व्हिसासाठी मला बोटांचे ठसे द्यावे लागले. गाडीला तेवढं तरी नाही.

इथे माझा बँकेचा अनुभव कामाला आला. सप्टेंबरात शेजाऱ्यांना फ्रान्समध्ये दिजों इथल्या ट्रॅकवर जायचं होतं. इंग्लंड युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून तिकडे शर्यतीची गाडी न्यायची तर ‘कार्नेट’ नावाचा दस्तऐवज लागतो. माल तात्पुरता नेतोय, विकणार नाही, परत आणणार, याची हमी. चेंबर ऑफ कॉमर्स तो देतं आणि त्यासाठी तारण किंवा गॅरंटी मागतं. गाडीबरोबर जाणारा प्रत्येक सुटा भाग यादीत लिहायचा. हिरवं कव्हर, आत पिवळी, पांढरी पानं, प्रत्येक सीमेवर शिक्का. एक शिक्का राहिला तर पुढे जकातीची मागणी घरी येते. शेजारी बिचारे यादी बघून घामाघूम. मी म्हटलं, द्या इकडे. सलग दोन दिवस त्यांच्या गॅरेजात बसून स्पार्क प्लगपासून जादा चाकांपर्यंत सगळं मोजलं, वजनं लिहिली, किमती मांडल्या. निवृत्तीनंतर बारा वर्षांनी मी बँक गॅरंटीचा कागद वाचत होतो. सौ. म्हणाल्या, “चेहरा बघा कसा खुललाय.”

त्या बदल्यात त्यांनी मला सिल्व्हरस्टोनला नेलं. ऑगस्टातला शनिवार-रविवार आणि जोडून सोमवारची सुट्टी. तिकडे अशा सुट्टीला ‘बँक हॉलिडे’च म्हणतात, १८७१ च्या कायद्यापासून. मला ते ऐकून उगाच मान मिळाल्यासारखं वाटलं.

सिल्व्हरस्टोन म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला बॉम्बर विमानांचा तळ. युद्ध संपल्यावर धावपट्ट्या आणि भोवतालचा रस्ता रिकामा पडला, त्यावर शर्यती सुरू झाल्या. फॉर्म्युला वनच्या जागतिक स्पर्धेची पहिली शर्यत इथेच झाली, १३ मे १९५०. इंग्लंडचे राजे स्वतः हजर होते. आज फेरी ५.८९ किलोमीटरची आहे. ज्या रस्त्यावरून हॅमिल्टन जातो त्याच रस्त्यावरून आमचे सत्त्याहत्तर वर्षांचे शेजारी जाणार होते.

पॅडॉक म्हणजे गाड्या तयार करायची जागा. मला वाटलं होतं मोठा थाट असेल. प्रत्यक्षात आपल्या गणपतीच्या मांडवामागे असतं तसं. ताडपत्र्या, घडीच्या खुर्च्या, डबे, हातात पाना घेतलेले म्हातारे आणि त्यांना पाणी प्यायची आठवण करणाऱ्या बायका. आधी अधिकारी गाडी तपासतात. ब्रेक, स्टेअरिंग, चाकं, तेल रस्त्यावर सांडू नये म्हणून बसवलेला डबा, आवाजाची पातळीसुद्धा मोजतात. ड्रायव्हरचीही वैद्यकीय तपासणी आधी झालेली असते. ट्रॅकच्या कडेला झेंडे घेऊन उभे असणारे मार्शल सगळे स्वयंसेवक. पगार नाही, ऊन-पाऊस बघायचा नाही आणि चूक झाली की शिव्या. मला आपली मॅनेजिंग कमिटीच आठवली.

शुक्रवारच्या सरावानंतर गाडी तापून बंद पडली. मी ओल्या फडक्याचं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात शेजाऱ्यांनी डब्यात भिजवून ठेवलेला फडका काढून पंपावर टाकलासुद्धा. कशेडी घाट काय आणि सिल्व्हरस्टोन काय! आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो.

शनिवारी दुपारी शर्यत. वीस मिनिटांची. तीसेक गाड्या. पुढे इंजिनवाल्यांची गणना वेगळ्या वर्गात, कारण मागे इंजिनवाल्यांपुढे त्यांचा निभाव लागत नाही. बक्षीस म्हणजे करंडक, पैसे नाहीत. झेंडा खाली आला आणि तीस गाड्यांचा आवाज छातीतून गेला. उघड्या चाकांची गाडी असल्याने ड्रायव्हरचे हात, कोपर, स्टेअरिंगशी चाललेली झटापट सगळं दिसतं. बंद गाडीत माणूस दिसत नाही, इथे माणूसच दिसतो. ड्रम ब्रेक असलेल्या त्या गाडीत सरळ रस्त्यावर ताशी दीडशेच्या वर वेग आणि मग वळण. शेजारी आपल्या वर्गात चौथे आले. मी टाळ्या वाजवून हात लाल करून घेतले.

ते परत आले. हेल्मेट काढलं, पाणी प्यायले, बोलले नाहीत. अर्ध्या तासाने म्हणाले, “जरा ऑफिसात जाऊन येतो.” आले ते रविवारच्या शर्यतीतून नाव मागे घेऊन.

मी विचारलं, गाडीत काही बिघाड आहे का? म्हणाले, गाडी उत्तम आहे. मग त्यांनी सांगितलं. सहाव्या फेरीत हँगर स्ट्रेट नावाचा लांब सरळ रस्ता संपतो, तिथे स्टो हे वळण आहे. ब्रेक कुठे मारायचा त्याची खूण त्यांना दिसली. डोळ्यांना दिसली, डोक्यालाही कळली. पण पाय हलला उशिरा. दोन चाकं गवतात गेली, परत रस्त्यावर आली. शेजारून कोणी जात नव्हतं म्हणून निभावलं.

मी म्हटलं, “मी समोरच बसलो होतो. मला काही दिसलं नाही. कोणालाच दिसलं नसेल.”

ते म्हणाले, “मला दिसलं ना.”

मग ते स्टर्लिंग मॉसबद्दल बोलले. हे नाव आपल्यातल्या काहींनी ऐकलं असेल. १९६२ साली गुडवुडला मोठा अपघात होऊन मॉस महिनाभर बेशुद्ध होते, त्यानंतर त्यांची कारकीर्द संपली. पण म्हातारपणी ते जुन्या गाड्यांच्या शर्यतींत परत उतरले. २०१० साली लंडनच्या घरात लिफ्टचं दार उघडलं, लिफ्ट आलीच नव्हती, आणि ते तीन मजले खाली पडले. दोन्ही घोटे मोडले. (आपल्या बी विंगवाल्यांनी याची नोंद घ्यावी!) त्यातूनही उठून पुन्हा गाडीत बसले. आणि २०११ साली, वय एक्क्याऐंशी, फ्रान्समध्ये ल मान्सला पात्रता फेरी चालवताना त्यांना स्वतःचीच भीती वाटली. त्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं की आता शर्यत बंद. लिफ्टच्या खड्ड्यात पडल्याने थांबले नाहीत, पण स्वतःवरचा भरवसा एका क्षणासाठी गेला तेव्हा थांबले. कोणी सांगितलं म्हणून नाही.

मंडळी, त्या रात्री मला झोप लागली नाही. आता हिशेबाचं सांगतो.

जून २०२२ मध्ये आपल्या मेन गेटचा डावीकडचा खांब तुटला होता. जनरल बॉडीत त्यावर पाऊण तास चर्चा झाली. कोणी म्हणालं कचऱ्याची गाडी, कोणी म्हणालं सामान हलवणारा टेम्पो. सीसीटीव्ही त्या आठवड्यात बंद होता, यावर आणखी अर्धा तास. मीही त्या सभेत होतो. मी उठून कॅमेऱ्याच्या देखभाल कराराबद्दल प्रश्नसुद्धा विचारला. कार्यवृत्तात माझं नाव आहे.

तो खांब मी तोडला.

रात्री साडेदहाला मुलाची गाडी घेऊन येत होतो. पाऊस नुकताच थांबला होता. आत वळताना ब्रेकवर ठेवायचा पाय ॲक्सिलरेटरवर पडला. एका क्षणाचं काम. वॉचमन मागे पाण्याचा पंप चालू करायला गेला होता. मी खाली उतरलो, इकडे तिकडे बघितलं, आणि गाडी पार्किंगमध्ये लावून वर गेलो. मुलाला सांगितलं, दादरला पार्किंगमध्ये कोणीतरी ठोकली. बँकेत बत्तीस वर्षांत माझ्या कॅशमध्ये एक रुपयाचा फरक आला नाही, असं मी अभिमानाने सांगत आलोय. ही माझी खरी शिल्लक.

खांबाचं तर दुरुस्तीत भागलं. पण नंतर मला कळलं, की ‘जागेवर नव्हता’ म्हणून सुरक्षा एजन्सीने त्या वॉचमनच्या पगारातून तीन महिने पैसे कापले. हे मला ऑगस्टमध्येच कळलं होतं, त्याच वर्षी. तरी मी गप्प बसलो. कारण बोललो असतो तर मुलाने चावी काढून घेतली असती. माझं वय झालं हे सोसायटीभर झालं असतं. एवढ्यासाठी.

तिकडे एक माणूस, ज्याला कोणी बघितलं नव्हतं, ज्याच्यामुळे कोणाचं काही बिघडलं नव्हतं, तो स्वतःहून ऑफिसात जाऊन नाव खोडून आला. आणि मी त्याच्या कार्नेटच्या यादीत नट-बोल्ट मोजून स्वतःला चोख समजत होतो.

परत आल्यावर आधी सौ.ना सांगितलं. त्या म्हणाल्या, “मला त्या रात्रीच कळलं होतं. तुम्ही जेवला नव्हता.” मग मुलाला. मग तो वॉचमन शोधला. एजन्सीने त्याला दुसऱ्या कॉम्प्लेक्सला टाकलं होतं. कापलेले पैसे त्याच्या हातात ठेवले, माफी मागितली. तो म्हणाला, “साब, मुझे मालूम था. आपके इंडिकेटर का काच मिला था.” तो तुकडा त्याने फेकून दिला होता, कुणाला दाखवला नव्हता. का, असं मी विचारलं, तर म्हणाला, “आप रोज नमस्ते करते थे.” मला तिथे उभं राहवेना.

खांबाच्या दुरुस्तीची पूर्ण रक्कम मी मागच्या महिन्यात खजिनदारांकडे चेकने भरली आहे. पावती घेतली आहे. सवय जात नाही. आणि सेक्रेटरींना विनंती केली की हे मला सभेसमोर बोलू द्या.

माझ्या ड्रायव्हिंग लायसन्सची मुदत गेल्या वर्षी संपली. डॉक्टर मित्र म्हणाले, फॉर्म १-अ वर लगेच सही देतो, नूतनीकरण करून टाक. मी केलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पहिले काही दिवस रिक्षात बसलो तरी उजवा पाय ब्रेक दाबत होता.

मी हे सगळ्यांनी गाडी सोडावी म्हणून सांगत नाही. आपल्या सी विंगमधले एक सभासद ऐंशीच्या घरात आहेत आणि माझ्यापेक्षा शंभरपटीने चांगली गाडी चालवतात. मॉस एक्क्याऐंशीपर्यंत शर्यतीत धावले. वयाचा आकडा सगळ्यांना सारखा लागू होत नाही. पण पाय उशिरा हलला हे मुलांच्या आधी, वॉचमनच्या आधी, आपल्याला कळतं. ते कळल्यावर आपण काय करतो, एवढाच प्रश्न आहे. डोळे तपासून घ्या. रात्रीचं चालवणं आधी सोडा. आणि कुठे काही लागलं, घासलं, तर त्याच दिवशी सांगून टाका. दुरुस्ती स्वस्त पडते.

शेजाऱ्यांचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. दिजोंला ते गेले नाहीत. कार्नेट न वापरता परत केलं. रविवारी मात्र ते सिल्व्हरस्टोनलाच थांबले. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या ढकलत होते, कोणाला पाना देत होते, कोणाला पाणी. गाडी त्यांनी विकली नाही. आता त्यांची पुतणी चालवते. ती शर्यतीला जाते तेव्हा ओल्या फडक्याचा डबा घेऊन हे बरोबर असतात. मागच्या महिन्यात त्यांनी मला गाडीच्या आवाजाची ध्वनिफीत पाठवली. मी ती गॅलरीत बसून ऐकतो. सौ. म्हणतात, “पद्मिनी आली वाटतं.”

आपली सोसायटी पंचवीस वर्षांची झाली. खांब आता पूर्वीपेक्षा मजबूत आहे.  आता चहा.